किचनच्या फरशीला ‘सीलर’ मारतो म्हणून 62,186 रुपयांना गंडवलं

620 चौरस फुटांचं हॉटेलचं किचन. एक बाय एक फुटाच्या मॅट व्हिट्रिफाइड टाइल्स, मधे साधा सिमेंटचा ग्राउट, म्हणजे सांध्यात भरलेला मसाला. दर ठरला चौरस फुटाला 85 रुपये, म्हणजे 52,700. वर 18 टक्के जीएसटी 9,486. त्यातले 35,000 ॲडव्हान्स, उरलेले 27,186 काम संपलं त्याच पहाटे दिले. जीएसटी घेतला, पण बिल आजतागायत नाही. आता तर ते ठेकेदार फोनही उचलत नाहीत.

कोटेशनवर होतं: ‘डीप क्लीनिंग, पेनिट्रेटिंग सीलर दोन कोट, 5 वर्षं वॉरंटी.’ म्हणजे आत मुरून पाणी-तेल अडवणारं द्रव्य. तुमच्याकडेही हेच येईल. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही, शोषण अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. तिच्यात सीलर शिरणार कुठून? पितो तो सिमेंटचा सांधा. म्हणून सीलिंगचं माप सांध्याच्या रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीत घ्यायचं. या टाइलला चौरस फुटामागे साधारण दोन रनिंग फूट पडतात. हे माहीत असूनही चौरस फुटाचा दर मान्य केला, कारण बाजारात सगळे तोच सांगतात.

रात्री साडेअकराला गॅस बंद करून किचन त्यांच्या ताब्यात दिलं. भट्टीसमोर त्यांनी पिवळट पाणी ओतलं आणि सांधे फसफसले. बारीक पांढरे बुडबुडे, नाकात झोंबणारा वास. “मळ निघतोय साहेब.” मळ नव्हता तो! तेलाच्या थरावर ॲसिडचा असा फेस येत नाही, फेस येतो तो सिमेंटमधल्या चुन्याचा. डोळ्यांदेखत ग्राउट जळत होता. सांध्यावर बोट फिरवलं असतं तर पांढरी भुकटी हाताला लागली असती. तिथेच कॅन उचलून त्यांना बाहेर काढायला हवं होतं. पण सकाळी सातला नाश्त्याची ऑर्डर होती, निम्मं किचन ओलं झालं होतं. त्या वेळी कुणीही ‘आटपा लवकर’ असंच म्हणालं असतं. चार दिवसांत टेबलांच्या स्टीलच्या पायांवर तांबूस ठिपके आले, तेही त्याच ॲसिडच्या वाफेने.

तेल कापायला अल्कलाइन डिग्रीजर लागतो. कोमट पाण्यात, डब्यावरच्या प्रमाणात. 10 ते 15 मिनिटं ओला ठेवायचा, वाळू द्यायचा नाही. ताठ नायलॉनच्या ब्रशने सांध्याच्या रेषेत घासायचं आणि मळकं पाणी वेट व्हॅक्यूमने ओढायचं. पोछा मारलात तर तेच तेल परत सांध्यात बसतं. मग साध्या पाण्याने दोनदा धुवायचं, लिटमस कागद लावून डिग्रीजर उरला नाही ना ते बघायचं आणि निदान 24 तास कोरडं ठेवायचं. मोरीजवळ 48 तासही लागतात. म्हणून ‘एका रात्रीत सीलिंग’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

यांनी पहाटे तीनला, ओल्या फरशीवरच, बिनलेबलच्या कॅनमधलं चकचकीत ॲक्रिलिक फासलं, म्हणजे वर नुसता प्लास्टिकसारखा थर. खरा सीलर सांध्यात मुरतो आणि टाइलवर सांडलेला लगेच पुसून काढावा लागतो. यांनी एकदाही फडकं फिरवलं नाही. ओल आत अडकून कोट पांढरा पडला, अकराव्या दिवशी भट्टीसमोर पापुद्रे निघाले. त्याआधीच दोन पोरं उकळत्या सांबारासकट घसरता घसरता वाचली.

चौकीत दोन तास बसवून ठेवलं आणि सांगितलं, “हा दिवाणी मामला.” भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 दाखवलं तर उत्तर, “काम तर केलंय ना त्यांनी?” ग्राहक तक्रारीला गेलो तर धंद्यासाठी घेतलेली सेवा 2019 च्या कायद्यात बसत नाही म्हणे. स्वतःच्या पोटापाण्यापुरत्या धंद्याला सूट आहे, पण भागीदारीतल्या हॉटेलाने ते सिद्ध कसं करायचं, हे सांगायला कुणी तयार नाही. बिल दिलं नाही म्हणून कर खात्याकडे तक्रार केली, नुसती पोच आली. आणि अन्न तपासणीला आलेल्यांनी उघड्या सांध्यांबद्दल नोटीस दिली ती आम्हालाच! वॉरंटीचा कागद त्यांनी हातातही घेतला नाही. फसवणाऱ्याला कुणी विचारत नाही, फसलेल्याला मात्र पंधरा दिवसांची मुदत.

कॅन सीलबंद आला पाहिजे, लेबल वाचून फोटो काढा. आधी कोपऱ्यातल्या चार टाइल्स करून घ्या. वाळल्यावर सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांत सांधा काळपट झाला तर सीलर बसलेलाच नाही. निम्मे पैसे या थेंबानंतरच द्या. ॲसिड पडलेल्या फरशीवर ब्लीच कधीच टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो.

आता ॲक्रिलिक खरवडून, जळका ग्राउट दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढून इपॉक्सी (पाणी न पिणारा राळेचा ग्राउट) भरायचं आहे, त्याला सीलर लागतच नाही. 1,240 रनिंग फूट, 45 रुपयांनी 55,800. आणि किचन तीन दिवस बंद.