मोटोजीपीला गेलो तेव्हाची खोली: ग्रेटर नोएडातलं एक गेस्ट हाऊस

गोव्यात मांद्र्याला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, पर्यटकांना भाड्याने देतो. त्यामुळे दुसऱ्याच्या खोलीत शिरलो की आधी नळ सोडून बघायची मला खोड आहे. सप्टेंबर २०२३मध्ये मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची जागतिक मालिका, पहिल्यांदा भारतात आली, दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटवर. मी आणि मेहुणा तिथे चार रात्री राहिलो.

त्या वर्षी चवथ १९ तारखेला, मंगळवारी. आमचा गणपती दीड दिवसाचा म्हणून जमलं, पाच दिवसांचा असता तर आईने उंबरा ओलांडू दिला नसता. बुधवारी विसर्जन, गुरुवारी मोपाहून विमान, सोबत नेवऱ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचा, डबा.

गेस्ट हाऊस परी चौकाजवळ, अल्फा सेक्टरमध्ये. जुलैत रात्रीला १८०० रुपयांनी धरलं होतं. जाहिरातीत लिहिलेलं, 'सर्किटपासून १० मिनिटं'. प्रत्यक्षात यमुना एक्सप्रेसवेने पंधराएक किलोमीटर, आणि शनिवारी सकाळी पाऊण तास मोडला. बोलायला मला तोंड नाही म्हणा, मीही 'बीचपासून दोन मिनिटं' असंच लिहितो.

पोचल्यावर मॅनेजर म्हणतो, ३५०० द्या. का? तर २१ ते २५ तारखेला तिथल्याच एक्स्पो मार्टमध्ये उत्तर प्रदेशचा मोठा ट्रेड शो, शहरात खोली शिल्लक नाही. ३१ डिसेंबरला आमच्याकडे रेट कसे चढतात ते मला माहीत आहे, पण घेतलेलं बुकिंग आम्ही मोडत नाही. अर्धा तास हुज्जत घालून २४०० वर मिटलं. तुमच्या रेसच्या तारखांना त्या गावात दुसरं काय आहे, हे तिकीट काढायच्या आधी बघून घ्या. मी बघितलं नव्हतं.

खोली तशी बरी. पाण्याला जोर होता, चादरी स्वच्छ. एसी रात्रभर ठिबकायचा, खाली बादली ठेवली. खिडकी उघडली की समोर भिंत. सकाळी सहाला गरम आलू पराठे मात्र चारही दिवस न चुकता मिळाले, आणि त्या उन्हात ते उपयोगी पडले. उकाड्यामुळे रविवारची रेस २४ लॅपवरून २१ वर आणली होती, आणि दुसरा आलेला रायडर मार्टिन रेस संपल्यावर खुर्चीत कोसळला. आम्ही तर नुसते स्टँडमध्ये बसून वितळत होतो.

मेहुण्याचे दोन मित्र स्वस्तात मिळालं म्हणून दिल्लीत करोल बागेत उतरले होते. तिथून मेट्रोची ब्लू लाइन, सेक्टर ५२ला उतरून चालत सेक्टर ५१, पुढे अ‍ॅक्वा लाइनने परी चौक, आणि तिथून सर्किटपर्यंत परत गाडी. एका बाजूचे अडीच तास. पहिल्या दिवशी त्यांनी सराव बुडवला, दुसऱ्या दिवशी आमच्याच खोलीत जमिनीवर झोपले. (मॅनेजरने दोन गाद्यांचे ४०० लावले.)

खरी परीक्षा रविवारी संध्याकाळी. हजारो माणसं एकदम बाहेर, मोबाइलला रेंज नाही, टॅक्सीचं अ‍ॅप नुसतं गोल फिरतंय. तेव्हा हाच मॅनेजर कामाला आला. सकाळीच त्याने सांगून ठेवलं होतं, की गेटवर थांबू नका, उजवीकडे चालत सर्व्हिस रोडच्या पेट्रोल पंपापाशी या, भाचा गाडी घेऊन असेल. दोनेक किलोमीटर चाललो. भाचा होता, पांढरी अर्टिगा होती. चौघांचे मिळून ८०० घेतले. आठच्या सुमाराला आम्ही आंघोळ करून बसलो होतो. उरलेल्या नेवऱ्या मी भाच्याला दिल्या. गुजिया, म्हणजे तिकडची करंजी, म्हणून त्याने खाल्ल्या, मी वाद घातला नाही.

पाचपैकी साडेतीन देतो, त्यातला एक पूर्ण त्या अर्टिगाचा. रेसला खोली धरताना मी आता फोन करून एकच विचारतो: रविवारी संध्याकाळी न्यायला कोण येणार आणि कुठे उभा राहणार? गप्प बसला तर पुढचा नंबर.

पावती मात्र तीनदा मागूनही मिळाली नाही.