कोड्यांच्या कार्डांचा डबा: उन्हाळी सुट्टीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

मे महिन्यात कोल्हापुरात महाद्वार रोडवरून कोड्यांच्या कार्डांचा हा डबा घेतला, चारशेच्या आत मिळाला. दिवाळी होऊन गेली तरी आमच्याकडे तो अजून रोज उघडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

कार्डाच्या एका बाजूला कोडं, मागे उत्तर. निम्मी कोडी शब्दांच्या फिरकीची आहेत. ऐकताना हसू येतं, उत्तर कळलं की संपलं. पैसे वसूल होतात ते उरलेल्या निम्म्यांत. सहा काड्यांत चार समभुज त्रिकोण करा, हे त्यातलं. टेबलावर काड्या कितीही सरकवा, जमत नाही. तीन काड्या उभ्या करून पिरॅमिड केला की झालं. सपाटच मांडायच्या ही अट कार्डावर नसते, आपण मनानं घालतो. तीन-तीनच्या तीन ओळींतले नऊ ठिपके चार सरळ, सलग रेषांत जोडायचं कोडं सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकाराच्या १९१४ च्या संग्रहातही आहे. तिथंही रेष ठिपक्यांच्या चौकटीबाहेर न्यावी लागते.

सगळ्यात रंगलं ते तीन बटणांचं. बंद खोलीत एक बल्ब, बाहेर तीन बटणं, आत एकदाच जायचं. बल्बचं बटण कुठलं? उत्तर असं: पहिलं बटण थोडा वेळ चालू ठेवून बंद करा, दुसरं चालू करून आत जा. बल्ब विझलेला पण गरम असेल तर पहिलं. आमच्या सातवीतल्या मुलीला हे पटेना. "आई, बल्ब कुठं एवढा गरम होतो?" घरात सगळे एलईडी, तिनं पिवळा बल्ब हातानं कधी काढलेलाच नाही. सासऱ्यांनी तारेच्या बल्बची गोष्ट सांगितली, तरी ती कार्ड घेऊन बसून राहिली. रात्री जेवताना म्हणाली, "बल्बऐवजी पंखा ठेवायचा. बंद केल्यावर तो थोडा वेळ फिरत राहतो. मंदावत असेल तर पहिलं, जोरात फिरत असेल तर दुसरं, थांबलेला असेल तर तिसरं. फक्त पळत आत जायचं." मला हे छापील उत्तरापेक्षा सरस वाटतं.

तीन आणि पाच लिटरच्या भांड्यांनी चार लिटर मोजायचं कोडं सासऱ्यांनी गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. पाचाचं भरून तिनात ओतलं की दोन उरतात. तिनाचं रिकामं करून त्यात ते दोन घालायचे, पाचाचं पुन्हा भरायचं आणि तिनाचं भरेपर्यंत त्यात एक लिटर ओतायचं. पाचाच्या भांड्यात चार राहतात. गवळीदादांनी मधेच अडवलं, "अण्णा, ते तीन लिटर दूध वतायचं कुठं?" "बादलीत परत वता की!" मग तिथं उभ्या असलेल्यांत बराच वेळ खल चालला.

तक्रारी दोन. उत्तर मागे ठळक छापलंय, त्यामुळे वाचणाऱ्यानं कार्ड हातात धरलं की समोरच्याला आयतं दिसतं. आम्ही मागे कागद चिकटवले आणि उत्तर दुसऱ्या दिवशीच उघडायचं असं ठरवलं. पंख्याची कल्पना बल्बचं उत्तर आधीच उघडूनही सुचली हे खरं, पण बाकी कार्डांना या एका दिवसानं फार फरक पडला. दुसरी तक्रार, उत्तराकडे नेणारा इशारा एकाही कार्डावर नाही. मुलं अडली की सरळ उत्तर मागतात, तेव्हा मी पेन्सिलीनं कोपऱ्यात एकेक ओळ लिहिते.

डब्यावर आठ वर्षांपुढे असं छापलंय. कुठं भरभर, कुठं हळू जळणारी, पण तासाभरात संपणारी वात घेऊन अर्धा तास मोजायचं कोडं दहाच्या आतल्यांना जड जातं. दोन्ही टोकं एकदम पेटवायची हे त्यांना सुचत नाही. लहानांना आधी काड्यांची कार्डं वेगळी काढून द्या.