मेलेल्या देवाच्या अंगावर सात महिने: अ‍ॅस्ट्रल सीचा वापरानंतरचा अनुभव

देव मेला की त्याचा दगड होतो आणि तो देह अ‍ॅस्ट्रल सीमध्ये, म्हणजे जगांच्या मधल्या रुपेरी पोकळीत, तरंगत राहतो, हे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्ले खेळ खेळणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. गिथयांकी या लुटारू योद्ध्यांच्या जमातीची राजधानी तुनाराथ अशाच एका देहावर उभी आहे. कल्पना अप्रतिम आहे. पण 2014 च्या डन्जन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकाने अ‍ॅस्ट्रलच्या वर्णनात या देहांची जेमतेम एका ओळीत बोळवण केली आहे. लांबी किती, अंगावर उभं राहता येतं का, आत पोकळी असते का, सगळं डीएमच्या (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) माथी. मेलेल्या देवाच्या क्लेरिकचे, म्हणजे त्याच्याकडून शक्ती घेणाऱ्या पुजाऱ्याचे, स्पेल (मंत्र) चालतात का, याचंही उत्तर नाही. पाथफाइंडर या दुसऱ्या रोल-प्ले खेळात आरोडेन हा देव तिथल्या कालगणनेच्या 4606 साली मेला आणि त्याच्या क्लेरिकांची शक्ती गेली, इतकं स्पष्ट लिहून विषय संपवला आहे.

खरा त्रास वेगाचा. 2014 च्या त्या गाइडनुसार अ‍ॅस्ट्रलमध्ये वेग म्हणजे पात्राच्या इंटेलिजन्सचा (बुद्धीचा) आकडा गुणिले तीन फूट. 18 वाला विझार्ड (जादूगार) 54 फूट जातो, 8 वाला फायटर (लढवय्या) 24. गिथयांकी वॉरियरचा इंटेलिजन्स 13, म्हणजे 39 फूट, शिवाय मिस्टी स्टेप, म्हणजे क्षणात दुसऱ्या जागी पोचायची जादू. तो दर वेळी मागे सरकतो आणि फायटर अख्खी लढाई हात चोळत बसतो. पहिल्या दोन महिन्यांत हा नियम सरळ काढून टाकावा असंच मत होतं.

आता ते मत राहिलेलं नाही. नियम ठेवा, फक्त एक भर घाला: देहाला पाय टेकलेले असतील तर नेहमीचा वेग, सुटलात की गुणिले तीन. एवढ्याने दगडी बरगड्यांमधल्या फटींना किंमत येते. फायटर शत्रूला आत ओढायला बघतो, शत्रू त्याला बाहेर. हेडबँड ऑफ इंटेलेक्ट ही डोक्याला बांधायची जादूची पट्टी फायटरला दिली तर इंटेलिजन्स 19, वेग 57, विझार्डच्याही पुढे! सात महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच.

खर्चाचं बघाच. अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शनला, म्हणजे देह मागे ठेवून अ‍ॅस्ट्रलमध्ये जायच्या मंत्राला, माणशी 1000 गोल्डचा रत्नखडा आणि 100 ची चांदीची कांडी लागते, दोन्ही खर्ची पडतात. पाच जणांचे 5500 गोल्ड एका फेरीत गेले, वर गिथयांकी नाइटच्या तलवारीने मागे ठेवलेल्या देहाशी जोडणारा रुपेरी दोर तुटायची भीती. प्लेन शिफ्टचा, म्हणजे देहासकट दुसऱ्या जगात नेणाऱ्या मंत्राचा, दुबेळकी धातूचा दांडा 250 चा, तो संपत नाही आणि त्यावर नऊ जण जातात. अडचण एकच: हा सातव्या पातळीचा मंत्र आणि 13 व्या लेव्हलला त्या पातळीचा स्लॉट (मंत्र टाकायची संधी) एकच असतो. जाण्यात तो गेला की लाँग रेस्टशिवाय (पूर्ण विश्रांतीशिवाय) परत येणं नाही. म्हणून मॅप काढताना आधी विश्रांतीसाठी एक बंद पोकळी काढा, एकच वाट असलेली. देवाच्या कानाची सगळ्यात सोयीची पडते.