खडखडणारं डिझेल इंजिन: उघडून काम करावं की दुसरं बसवावं?

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखाली दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज यायचा, मग शांत. महिन्याभरात त्या दोन-तीन सेकंदांचे दहा-बारा झाले आणि गरम इंजिनातूनही टकटक ऐकू यायला लागली. गाडी २०१२ ची, इंजिन १.३ लिटरचं मल्टिजेट. फियाटचं हे इंजिन आपल्याकडे स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलं, आपल्या रांजणगावातही बनत होतं, त्यामुळे ते उघडणारा माणूस शोधत फिरावं लागत नाही. दोष इंजिनाचा नव्हता. मधली दोन वर्षं मी ऑइल फार उशिरा बदललं होतं. यात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी, म्हणजे टायमिंग चेन असते. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, ऑइल खराब झालं की चेन सैल पडायला लागते.

दोन गॅरेजांत दाखवलं. एक म्हणाला, उघडून काम करू. दुसरा म्हणाला, "कशाला त्यात पडता साहेब, मुंबईहून दुसरं इंजिन आणू, दोन दिवसांत गाडी दारात."

दुसऱ्याचं बोलणं मला आधी पटलं होतं, हे मान्य करतो. बदली इंजिनाचा आकडा सुरुवातीलाच ठरतो. मला इंजिनाचे ६५ हजार आणि बसवायची मजुरी वेगळी असं सांगितलं होतं. इंजिन उघडायचं म्हटलं की "खोलल्यावर सांगतो" हे ऐकावं लागतं, आणि खोलल्यावर यादी वाढत जाते. रोज गाडीवर पोट असलेल्याला दोन दिवस आणि दोन आठवडे यांतला फरक फार मोठा असतो.

म्हणून मी स्वतः इंजिन बघायला मुंबईला गेलो. कुर्ल्याच्या बाजूला जुन्या सुट्या भागांचे गाळे आहेत, त्यांतल्या एकात माझ्या गाडीला चालणारी तीन इंजिनं जमिनीवर टायरांवर ठेवलेली होती. बाहेरून धुऊन चकचकीत केलेली. मी त्यातल्या बऱ्या दिसणाऱ्या इंजिनाचा नंबर विचारला. पोऱ्याने डिझेलचा बोळा घेऊन ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरची, नंबराची सपाट जागा पुसली. पहिले चार आकडे स्वच्छ वाचता आले, पुढे ग्राइंडर फिरल्यासारख्या आडव्या रेघा. मालक म्हणाला, घासाघाशीत जातं कधीकधी, बिल देतो ना. असेलही तसं. पण माझा जीव तिथेच लागेनासा झाला.

कारण इंजिनाचा नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं तर आरटीओची आधी परवानगी घ्यायची, ती घेतली नसेल तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. त्यासाठी आलेल्या इंजिनाचा माग कागदावर लागला पाहिजे. नोंद न करताही गाड्या फिरतात, मला ठाऊक आहे. पण उद्या अपघात झाला, विम्याच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडलं आणि नंबर जुळला नाही, तर मी काय दाखवणार? गाडी विकतानाही तेच. हा घोर मला गाडी असेपर्यंत नको होता.

परतताना दुसरी गोष्ट ध्यानात आली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले आणि हे इंजिन आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून गेलं. म्हणजे गाळ्यातलं कुठलंही इंजिन निदान तेवढं जुनं, आणि त्याच्या आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं हे कुणालाच सांगता येणार नाही. चेन किट त्यालाही नवंच टाकावं लागलं असतं. माझ्या इंजिनाची निदान खोड मला माहीत होती.

काम पहिल्या गॅरेजला दिलं. मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, मग मलाही ऐकवलं. आत चेन कव्हरला घासताना स्पष्ट कळत होती. खालून ऑइलचं चेंबर उतरवल्यावर तळाला काळा, मऊ गाळ, ऑइल खेचणारी जाळी अर्धी बुजलेली. बेअरिंग झिजली होती पण क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, चरे नव्हते, म्हणून तो घासून घ्यायला लेथवर जावं लागलं नाही. चेन, टेन्शनर, गाइड, बेअरिंग, सगळं मिळून ३२ हजारांच्या आसपास. अकरा दिवस गाडी आत होती आणि दोनदा भाग चुकीचा आला, हा त्रास झालाच. टायमिंग लॉक करायचं, म्हणजे चेन बसवताना फिरणारे भाग जागीच धरून ठेवायचं, टूल असलेल्याकडेच हे काम द्या. चेनचा मेळ चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यानंतर गाडी ४० हजार किलोमीटर चालली. सकाळचा खळखळाट गेला, डिझेलची मूळची खणखण आहे तशी आहे.

अर्थात क्रँक तुटला असेल किंवा पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडने ब्लॉक फोडला असेल, तर मीही दुसरं इंजिनच घेईन. सांगलीच्या माझ्या मित्राचं २०१९ च्या पुरात तसंच झालं. इंजिनात पाणी गेलं, त्याने तशीच गाडी चालू केली आणि रॉड वाकून ब्लॉक फुटला. त्याने मागून ठोकलेल्या, विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाडीचं इंजिन घेतलं, त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि बिल हातात पडल्यावरच पैसे दिले. घेण्याआधी तिथेच सेल मारून थंड इंजिन चालू करून ऐकलं, आणि चेन किट त्यानेही बसवण्याआधीच बदलून घेतलं.