इनस्क्रिप्ट की फोनेटिक? रोज मराठी लिहिणाऱ्यांसाठी कीबोर्डची निवड

के, ए, एल. फोनेटिक कीबोर्डवर ही तीन बटणं दाबली की छोटी यादी उघडते आणि तिच्यात काल, कल, कळ, काळ असे शब्द दिसतात. सगळे मराठी, सगळे रोजच्या वापरातले. हवा तो आपण निवडतो. घाईत असलो तर जो वर दिसेल तोच घेऊन स्पेसबार दाबतो आणि पुढं जातो. इनस्क्रिप्टवर प्रत्येक देवनागरी चिन्हाला ठरलेलं बटण असतं, त्यामुळे तिथं 'काळ' लिहायचा म्हणजे क, काना आणि ळ. यादी नाही, कारण निवडायला काही उरतच नाही. संगणकावर मराठी कशानं टाइप करावं असं कुणी विचारलं की मी आधी हा एवढाच फरक दाखवतो.

निवडीकडे वळण्याआधी एक अट. काहीही वापरा, पण मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. माझ्या वडिलांनी त्यांच्या आठवणी वहीत लिहून काढल्या होत्या आणि गावातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. काही वर्षांनी ती फाइल मी माझ्या लॅपटॉपवर उघडली तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा प्रत्यक्षात 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर, आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा घालतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. त्या आठवणी मी वहीवरून पुन्हा टाइप केल्या, आणि मराठी टायपिंगकडे गांभीर्यानं पाहायला लागलो तो तेव्हापासून. इथं ज्यांची तुलना करतोय ते दोन्ही प्रकार युनिकोड देतात, त्यामुळे ही भीती दोन्हींत नाही.

इनस्क्रिप्ट: आधी कष्ट, मग आराम

इनस्क्रिप्ट ही भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं 1986 साली ठरवलेली रचना. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्रज्ञानातून ती संगणकांवर पोचवली आणि 1991 च्या भारतीय मानकातही ती आली. आज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींमध्ये देवनागरी इनस्क्रिप्ट आधीपासून असतो. बाहेरून काही उतरवून घ्यावं लागत नाही. ऑफिसच्या संगणकावर नवं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते, तेव्हा या गोष्टीची किंमत कळते.

रचना पाहिली की बाराखडी डोळ्यासमोर ठेवून कुणीतरी विचार केलाय हे जाणवतं. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे व्यंजनं. डावीकडचं बटण नुसतं दाबलं तर काना-मात्रा, शिफ्टसकट दाबलं तर पूर्ण स्वर: इंग्रजी 'ई'च्या बटणावर काना, शिफ्टला आ. उजवीकडे क वर शिफ्ट दाबलं की ख, ग चा घ, त चा थ, द चा ध, प चा फ. जोडाक्षरासाठी हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, 'डी'वर, म्हणजे डाव्या मधल्या बोटाखालीच. मधल्या ओळीवर उजव्या हाताला प, र, क, त, च, ट ओळीनं बसलेले आहेत. म्हणून 'परत', 'करते', 'चिकट', 'तुरट', अगदी 'चित्र' आणि 'चक्र'सुद्धा बोटं मधल्या ओळीवरून न हलवता लिहून होतात.

बटणांची मोजदाद करून पाहा. 'मराठी' इनस्क्रिप्टवर पाच बटणांत होतं, रोमनमधून सात लागतात. 'ज्ञानेश्वर' रोमनमध्ये अकरा अक्षरांचा होतो. इनस्क्रिप्टवर एकेक चिन्ह लिहिलं तर दहा, आणि विंडोजवर शिफ्ट व पाचचा आकडा दाबून 'ज्ञ' थेट घेतला तर आठ. एका शब्दापुरता फरक क्षुल्लक वाटेल. हजार शब्दांचा लेख लिहून झाला की मनगटाला तो कळतो.

यातले खरे तोटे दोन. पहिला, सुरुवातीचे आठवडे. मला साधारण तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात एक परिच्छेद लिहायला अर्धा तास जायचा, आणि रोज वाटायचं की सोडून द्यावं. दुसरा तोटा मात्र कायमचा आहे. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि अवतरणचिन्हं यांना जागाच नाही, कारण त्यांची बटणं अक्षरांनी घेतलीत. दर प्रश्नाला विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीत जायचं, चिन्ह टाकायचं, परत यायचं. संवाद लिहिणाऱ्या कथाकाराला याचा खरंच जाच होतो. मला आता सवय झालीय, पण खटकणं थांबलेलं नाही.

फोनेटिक: एकाच नावाखाली दोन गोष्टी

इथं लोकांची गल्लत होते. एक फोनेटिक नियमानं चालतो: अमुक रोमन अक्षर म्हणजे अमुकच देवनागरी अक्षर. छोटा टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. छोटा एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. आयट्रान्स, बरहा, गमभन ही या घराण्यातली नावं. मराठी संकेतस्थळांवर सुरुवातीच्या काळात लिहिलेला कितीतरी मजकूर याच वाटेनं आला. नियम पाठ झाले की यात अंदाजाला जागा नसते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या बाबतीत हा इनस्क्रिप्टच्या जवळचा.

दुसरा अंदाजानं चालतो. आपण मेसेजमध्ये लिहितो तसं रोमन मराठी लिहायचं आणि त्यानं शब्द ओळखायचा. गूगलच्या इनपुट टूल्सनी ही पद्धत घरोघरी नेली. विंडोजसाठी त्यांचं जे वेगळं सॉफ्टवेअर होतं ते आता मिळत नाही, पण क्रोमचं एक्स्टेन्शन आणि गूगल डॉक्समधली सोय आहे. विंडोज 10 मध्ये 2019 च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड मिळायला लागले. विंडोजवर अंदाजाचा फोनेटिक हवा असेल तर माझी पसंती यालाच. तो ब्राउझरपुरता अडकलेला नाही, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये लिहिता येतं.

याचं बळ उघड आहे: शिकावं लागत नाही. आज बसवला, आज लिहिलं. घरातल्या ज्येष्ठांना किंवा परदेशात वाढलेल्या, मराठी बोलता येणाऱ्या पण लिहायचा सराव नसलेल्या मुलांना मराठीत लिहितं करायचं असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. लिहिणं सुरू होणं जास्त महत्त्वाचं.

अडचण आहे ती आपल्या भाषेच्या घडणीत. रोमनमध्ये त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ, ऱ्हस्व आणि दीर्घ हे भेद आपण लिहीतच नाही. व्ही-ए-टी म्हणजे वाट, वात की वट? पी-ए-टी म्हणजे पत, पट, पात की पाट? नेहमीच्या शब्दांत कीबोर्ड बहुतेकदा बरोबर ठरतो. आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द, जुने शेतीचे शब्द आले की तो अडखळतो. शब्द सपशेल चुकला तर डोळ्यांना दिसतो. 'दिन'च्या जागी 'दीन' बसला तर दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत आणि शुद्धलेखन तपासनीसही त्यावर रेघ मारत नाही.

दर्या, दऱ्या आणि ॲप

ज्यांना मराठी काटेकोर लिहायचीय त्यांनी कोणताही कीबोर्ड घेण्याआधी दोन चाचण्या कराव्यात.

पहिली: 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत तर माणसंच बदलतात. इनस्क्रिप्टवर रफार हवा तर साधा र, हलन्त, य. अर्धचंद्रासारखा ऱ्य हवा तर शिफ्ट आणि 'जे'वरचा ऱ, मग हलन्त, मग य. फरक तुमच्या बोटांत राहतो. अंदाजाच्या फोनेटिकमध्ये तो यादीवर अवलंबून असतो, आणि यादीत हवा तो शब्द नसला तर तुमच्या हातात फारसं काही नसतं. इंटरनेटवर 'दुसर्या', 'तुमच्या सार्या' असं रफार चढवलेलं मराठी इतकं दिसतं त्यात कीबोर्डचा वाटा मोठा आहे.

दुसरी: 'ॲप'. युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र जोडत, आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एका फाइलमध्ये एका पद्धतीनं लिहिलेलं 'ॲप' दुसऱ्या पद्धतीनं शोधलंत तर साधा शोध 'सापडलं नाही' म्हणेल. तुमचा कीबोर्ड कोणता प्रकार देतो ते एकदा पाहून ठेवा, विशेषतः शब्दसूची, डेटाबेस किंवा संपादनाचं काम करत असाल तर. घरी एका कीबोर्डवर आणि ऑफिसात दुसऱ्यावर लिहिणाऱ्यांच्या फाइलींत हा घोळ हमखास सापडतो.

रेमिंग्टन या टाइपरायटरवरून आलेल्या जुन्या रचनेबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांच्या मराठी टंकलेखन परीक्षेला बसायचं असेल, तर तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये जो लेआउट शिकवतात तोच धरा. तिथं निवडीचा प्रश्न नाही. टाइपरायटरवर घडलेला हात असेल तरीही रेमिंग्टन सोडू नका. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते, कागदावर लिहितो त्या क्रमानं. इनस्क्रिप्टमध्ये ती नंतर येते, उच्चाराच्या क्रमानं. एकदा बसलेला हा क्रम मोडणं फार जड जातं. नव्यानं शिकणाऱ्यानं मात्र रेमिंग्टनच्या वाटेला जाऊ नये.

फोनचा निर्णय वेगळा करा. तिथं दहा बोटं नसतात, त्यामुळे इनस्क्रिप्टचा मुख्य फायदाच जातो. गूगलच्या जीबोर्डवर रोमनमधून, थेट देवनागरी बटणांनी किंवा बोटानं गिरवून, तिन्ही प्रकारे मराठी लिहिता येतं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं बनवलेला स्वरचक्र हा कीबोर्ड व्यंजनाभोवती स्वरांचं चक्र उघडतो. बाराखडी पक्की असलेल्यांना तो पटकन जमतो. गूगलचं बोलून टाइप करणं मराठीत 2017 पासून आहे. लांब मजकुराचा पहिला खर्डा मी फिरता फिरता फोनशी बोलून काढतो आणि घरी येऊन लॅपटॉपवर इनस्क्रिप्टनं दुरुस्त करतो. विरामचिन्हं मात्र जवळजवळ सगळी हातानंच घालावी लागतात.

मग कुणी काय घ्यावं? आठवड्याला चार ईमेल आणि थोडे मेसेज एवढंच मराठी लिहिणं असेल, तर विंडोजचा फोनेटिक लावा आणि निश्चिंत राहा. एका वाक्यात तीनदा इंग्रजी येतं असं तांत्रिक लेखन करत असाल तर नियमाचा फोनेटिक बघा. अक्षरांची जागा बदलत नसल्यानं भाषा बदलताना डोक्यावर ताण येत नाही. पण तुम्ही रोज पानभर मराठी लिहीत असाल, भाषांतर, पत्रकारिता, शिकवणं, कथा, प्रबंध यांपैकी काहीही करत असाल, तर इनस्क्रिप्टच शिका. तीन आठवड्यांचा त्रास पुढं अनेक वर्षं उपयोगी पडतो. शिवाय याच रचनेवर गुजराती, बंगाली, कन्नडचेही इनस्क्रिप्ट बसवलेले आहेत. क ज्या बटणावर आहे तिथंच तिकडचाही क सापडतो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि तिच्या कीबोर्डांत नुसतं 'मराठी' निवडा, तोच इनस्क्रिप्ट. बटणांवर स्टिकर लावू नका, त्यानं नजर कायम खालीच राहते. रचनेचा छापील कागद स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटवा. पहिला आठवडा फक्त मधल्या ओळीचा: परत, करते, पुरते, चोर, टोक, पत्र, चित्र. रोज वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात वरच्या ओळीतले काना, दीर्घ वेलांटी, ह, ग, द घ्या, आणि म, न, स, ल, य असलेली खालची ओळ तिसऱ्यात.