स्पीकरखाली स्पाइक की सॉर्बोथेनचे पाय?

सोलापुरात तळमजल्यावर भरावावर बसवलेली शहाबादी फरशी असेल तर स्टीलचे स्पाइक (टोकदार पाय) छानच. पण टोकाखाली पितळी चकती हवीच, नाहीतर फरशीवर ओरखडे उठतात. स्पाइकचे आटे एम६ की एम८ (६ की ८ मिमी व्यासाचे), हे आधी मोजा. चुकीचा आटा रेटला तर स्पीकरच्या पेटीतली नट जागची सुटून नुसती फिरत राहते. चारही टोकं टेकली, डुगडुग थांबली, की लॉकनट आवळा.

जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी पाटणीवर मात्र सॉर्बोथेनचेच (हादरे शोषणाऱ्या रबरासारख्या मऊ पदार्थाचे) पाय घ्या; तिथे स्पाइकमधून बासचे हादरे थेट फळ्यांत उतरतात. २० किलोच्या स्पीकरला चार पाय, म्हणजे प्रत्येकी ५ किलो. त्याच भाराचे निवडा. कमी भारात ते कडक राहतात, जास्त भारात चपटे होतात. चादरीची घडी नको, उंच स्पीकर डोलतो.