ग्रीन एफडीचा सहा महिन्यांचा अनुभव, पाचपैकी तीन स्टार

बाबा रिटायर झाले, ग्रॅच्युइटीचे पैसे आले, तेव्हा मीच मागे लागून त्यातले 2 लाख ग्रीन एफडीत टाकायला लावले, म्हणजे जिचा पैसा बँक फक्त पर्यावरणाच्या कामांना देते ती एफडी. बँकेचं नाव घेत नाही, ब्रँच पणजीतली.

एवढा हट्ट का, तर आम्ही डिचोलीचे. खाणीच्या ट्रकांची लाल धूळ तुळशीवर बसायची, आई रोज आधी पानं पुसायची आणि मग पाणी घालायची. त्या ट्रकांना लोन कुठल्यातरी बँकेनंच दिलेलं ना, आणि बँकेकडे पैसा येतो कुठून, आपल्यासारख्यांच्याच एफडीतून. हे एकदा डोक्यात बसलं की साधी एफडी करायला हात होत नाही.

काउंटरवरच्या मॅडम वागायला एकदम चांगल्या, पण पैसे नक्की कुठे जाणार हे त्यांनाच माहीत नव्हतं, "पेपरलेस असते म्हणून ग्रीन" म्हणाल्या. असं नाहीये हो! आरबीआयचे नियम 1 जून 2023 पासून लागू आहेत, हा पैसा सोलर, पवनऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी-कचरा व्यवस्थापन, जैवविविधता असल्या कामांनाच द्यायचा, कोळसा आणि तेलाला नाही, आणि दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून रिपोर्ट वेबसाईटवर टाकायचा. 5 लाखांपर्यंतचा विमा साध्या एफडीसारखाच. व्याज आम्हाला पाव टक्का कमी मिळालं, म्हणजे वर्षाचे 500 रुपये, ते आम्ही आनंदानं सोडले.

रिपोर्ट शोधायला दोन संध्याकाळी गेल्या पण सापडला, वाचला. सगळा पैसा मोठे सोलर प्रकल्प आणि इलेक्ट्रिक बस. चांगलंच आहे. पण खाजनाला, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीला, एक पैसा नाही, आणि इथे मला खरंच वाईट वाटलं. माझ्या मामाची चोडणला खाजन शेती, तिथे कोरगूट भात होतं, थोडं खारं पाणी सोसणारं. गेल्या पावसात बांधाला भगदाड पडलं, मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) फळी कुजलेली, भरतीचं पाणी सरळ शेतात. मामा लोनसाठी दुसऱ्या एका बँकेत गेला तर एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) त्याचं नाव नाही म्हणून परत पाठवला, पिढ्यान् पिढ्या कसतोय तरी. समुद्र वर येतोय तसे हे बांधच गावं वाचवणार, आणि हवामान बदलाला तोंड द्यायची कामंसुद्धा त्याच नियमांत बसतात! बांधातून थेट उत्पन्न येत नाही, मग हप्ता कोण भरणार हा बँकेचा प्रश्न मला कळतो, पण सगळ्या शेतकऱ्यांना मिळून लोन देऊन भाताच्या हंगामानंतर हप्ते लावता येणार नाहीत का?

मॅनेजर सरांना हेच विचारलं, त्यांनी अर्धा तास बसून ऐकलं, "लेखी द्या, मी वर पाठवतो" म्हणाले. चोडणच्या बांधाचे फोटो लावून अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. एफडी एक वर्षाची आहे, रिन्यू करायच्या आधी उत्तर मागायला जाणार, तुमची पण कुठे ग्रीन एफडी असेल तर तुम्हीही असाच अर्ज द्या.